एकाच वायरीवर

काशोएरात दुपारी नदी हलत नाही.
सांव फेलिक्सला जाणाऱ्या लोखंडी पुलावर
एखादी मोटारसायकल खडखडते, तेवढंच.
अशा वेळी दोना वाल्देलिसी दुकानात आली,
मागून भाचा,
पिवळा पडलेला संगणक पोटाशी धरून.

"आतली डिस्क कण्हतेय," ती म्हणाली,
"ती जायच्या आधी माझ्या बायका बाहेर काढ."

बायका म्हणजे चौदा आवाज.
सिगारच्या कारखान्यात लांब बाकावर पानं वळणाऱ्या,
कुणा विद्यार्थिनीनं नव्वद साली नव्हे, त्यानंतर कधीतरी
टिपून ठेवलेल्या:
एदेल्झुइताचा खोकला, मार्सियोनिलाची शिवी,
मध्येच कुणी मुकादमाची नक्कल करतं
आणि अख्खं बाक हसतं.
चौदांतल्या दोघी उरल्यात.
दुसरी हिला ओळखत नाही.

मी पत्रा उघडला.
आत धुळीची गोधडी, वाळून कागद झालेली पाल,
आणि करड्या पट्टीची एकच वायर,
तिच्या कडेला लाल रेघ.
ही रेघ पहिल्या पिनेकडे; चुकलात तर यंत्र मुकं.
डिस्क एका टोकाला होतीच,
मधल्या तोंडात मी सीडी रायटर खोचला,
विजेचा चार भोकांचा प्लग अंगठ्यानं रेटून बसवला,
बटण दाबलं.

काळा पडदा.
ना डिस्क दिसली, ना रायटर.
दोघंही स्वतःला मालक समजत होते.
एका म्यानात दोन तलवारी.

"काय म्हणतंय?"
रायटरच्या पाठीवरची बारीक इंग्रजी अक्षरं
मी आमच्या भाषेत वाचून दाखवली, फारसा विचार न करता:
इथं जम्पर लावला तर मालक, इथं लावला तर गुलाम.
एकाला गुलाम करू, दोना, मग चालेल.

तिनं चष्मा काढून पदराला नाही, झग्याच्या बाहीला पुसला.
"हे कुणी लिहिलं?"
"कारखान्यानं."
"मग बरोबर," ती म्हणाली,
"कारखाना दुसरं काय लिहिणार."

तिसरीही एक जागा असते: वायरीनंच ठरवावं.
तेही करून पाहिलं.
वायर जुनी, तिला काही ठरवता येईना.

पुन्हा जम्पर उपसताना तो चिमट्यातून उडाला,
ज्वारीच्या दाण्याएवढा,
आणि बोर्डाखाली कुठं गेला कोण जाणे.
माझी बोटं जाड. भाच्याची त्याहून.
तिनं हात घातला,
पान फाटू न देता पन्नास वर्षं वळणारा हात,
डोळे मिटूनच चाचपलं,
आणि दाणा चिमटीत घेऊन बाहेर आली.
मला दिला मात्र नाही.

"याला दुसरं तोंड नाही का?"

होतं.
शेजारीच, धुळीनं बुजलेलं,
चाळीस पिनांचं, कुणी कधी न वापरलेलं.
बारा वर्षं हेच काम करतोय मी
आणि मला आठवलं नव्हतं.

भंगारातल्या एका प्रेतातून दुसरी वायर उपटली.
डिस्क हिच्यावर, रायटर तिच्यावर.
दाणा मालकाच्या जागी तिनंच बसवला,
चिमट्याशिवाय.
पडद्यावर दोन ओळी उमटल्या,
एकीखाली एक, दोघींची नावं नीट.

पहिली सीडी बासष्ट टक्क्यांवर मेली.
"फेकू नकोस, पेरूला टांगते, पोपट फार झालेत."
दुसरीला चाळीस मिनिटं लागली.
भाचा झोपला. ती बसून होती,
बोटं मांडीवर आपली आपण काही वळत.

लागली का ते बघायला मी सीडी वाजवली.
खरखर, बाक सरकल्याचा आवाज,
मग तरण्या गळ्यानं कुणी ओरडलं:
एदेल्झुइता, माझे दोन रेआइस कधी देणार?
आणि चौदाजणी हसल्या.

दोना वाल्देलिसी स्पीकरकडे वाकली.
"दिलेच नाहीत," म्हणाली, "मेलीनं."